स्थिरांकाचं घर कुठं असावं? पाचवीच्या निकालातून शिकलेला धडा



आजचा पाठ प्रोग्रॅमिंगचा आहे, पण सुरुवात प्रगतिपत्रकापासून करते.

दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही पहिल्या सत्राची प्रगतिपत्रकं वाटली. दुसऱ्याच दिवशी पाचवीतल्या एका मुलाची आई शाळेत आली. पाचवीच्या सरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं, कारण निकालाचा छोटा प्रोग्रॅम मी तयार केलेला होता. त्या ताईंनी प्रगतिपत्रक माझ्यापुढं धरलं आणि गणिताच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "बाई, तेहतीस आणि अडतीस एकाहत्तर होतात ना?"

मी म्हटलं, "होतात की."

"मग एकाहत्तरला ब-१ असतंय ना? इथं ब-२ कसं काय आलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आकारिक ५० पैकी ३३, संकलित ५० पैकी ३८, बेरीज ७१. श्रेणी ब-१ यायला हवी. प्रोग्रॅमने ब-२ दिली होती. मी त्यांना संध्याकाळपर्यंत वेळ मागितला. चूक सापडली तेव्हा लक्षात आलं, की बेरीज, गुणाकार, श्रेणीचा तक्ता सगळं बरोबर होतं. चूक एकाच गोष्टीत होती: एका स्थिरांकाला मी चुकीच्या घरात ठेवलं होतं. ते घर म्हणजे काय आणि ते कसं निवडायचं, हाच आजचा पाठ.

नाव दिलेला स्थिरांक म्हणजे काय?

प्रोग्रॅम चालू असताना ज्याची किंमत बदलत नाही तो स्थिरांक. त्याला आपण नाव देतो आणि पुढं आकड्याऐवजी ते नाव वापरतो. गणिताच्या पुस्तकातला पाय हा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा स्थिरांक.

नाव कशाला द्यायचं? समजा प्रोग्रॅममध्ये चौदा ठिकाणी ६० लिहिलंय. हे ६० म्हणजे तासाची मिनिटं, आकारिक मूल्यमापनाचा भारांश, की आठवीच्या पेपरचे गुण? सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. आणि भारांश बदलला तर चौदापैकी कोणते ६० बदलायचे? नाव दिलं की अर्थ कळतो आणि बदल एकाच जागी करावा लागतो. इथपर्यंत प्रोग्रॅमिंगचं कुठलंही पुस्तक सांगतं. त्यापुढचा प्रश्न मात्र फारसा शिकवला जात नाही: हे नाव कुठं ठेवायचं? कुणाकुणाला ते दिसावं?

आपल्या पाठ्यपुस्तकात याचं छान उदाहरण आहे. वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या एखाद्या उदाहरणाशेवटी कंसात लिहिलेलं असतं, पाय = २२/७. पुढच्या उदाहरणाशेवटी असतं, पाय = ३.१४. त्रिज्या ७ सेमी असेल तर पहिल्या किमतीने उत्तर येतं १५४ चौसेमी, दुसऱ्या किमतीने १५३.८६. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर. कंसातली ती सूचना फक्त त्या उदाहरणापुरती असते, हे मुलांना न सांगताच कळतं. एखादं मूल पहिल्या उदाहरणातला २२/७ दुसऱ्यात घेऊन आलं, तर आपण म्हणतो, "अरे, तो तिथला पाय आहे, इथला नाही." स्थिरांक जिथपर्यंत लागू असतो त्या हद्दीला प्रोग्रॅमिंगमध्ये स्कोप म्हणतात. मराठीत आपण व्याप्ती म्हणू.

दिंडी नंबर पाच, पण कुठली?

पंढरपुरातल्या मुलांना व्याप्ती समजावणं सोपं आहे, कारण आषाढीला ती रोज डोळ्यांपुढं असते. चुकामूक झालेली एखादी आजी भेटते. विचारलं की सांगते, "माझी पाच नंबरची दिंडी." एवढ्यावरून तिला तिच्या माणसांत पोचवता येईल का? नाही येत. माऊलींच्या पालखी सोहळ्यात रथापुढच्या दिंड्यांचे क्रमांक वेगळे आणि रथामागच्या दिंड्यांचे वेगळे. म्हणजे पाच नंबरची दिंडी रथापुढंही आहे आणि रथामागंही आहे. शिवाय देहूहून तुकोबांची पालखी येते, तिच्यातही दिंड्यांना क्रमांक आहेतच. म्हणून पूर्ण नाव असं होतं: माऊलींची पालखी, रथामागे, दिंडी क्रमांक पाच.

यात गंमत बघा. त्या दिंडीतले वारकरी एकमेकांशी बोलताना "आपली दिंडी" एवढंच म्हणतात. आत असताना छोटं नाव पुरतं, बाहेर पडलं की घराचं नाव जोडावं लागतं. पत्त्याचंही तसंच. वडगाव म्हटलं की कुठलं वडगाव? वडगाव मावळ, की वडगाव शेरी? म्हणून आपण गाव, तालुका, जिल्हा असं लिहितो. आपल्या शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांकही असाच रचलेला असतो: आधी राज्य (महाराष्ट्राचा २७), मग जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी शाळा. शेवटचे दोन अंक एकटे घेतले तर त्यांना काहीच अर्थ उरत नाही.

प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हे घराचं नाव टिंब देऊन जोडतात. आपल्या दिंडीचं नाव तिथं साधारण असं होईल:

माऊली.रथामागे.दिंडी_५

आमची चूक कुठं होती?

आता माझ्या प्रोग्रॅमकडे येऊ. मी चौथीला शिकवते. पायथॉन ही भाषा शिकत असताना मी 'मूल्यमापन' नावाची एक फाइल तयार केली. गुण दिले की ती शेकडा प्रमाण काढते, त्याला भारांशाने गुणते, बेरीज करते आणि श्रेणी सांगते. चौथीला आकारिक ६० आणि संकलित ४० असा भारांश असतो, म्हणून फाइलच्या अगदी वर मी लिहिलं:

आकारिक = ६०
संकलित = ४०

(पायथॉनमध्ये २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरी नावं चालतात. संगणकावर लिहिताना आकडे मात्र इंग्रजी अंकांत द्यावे लागतात.)

चौथीचा निकाल छान लागला. सहकाऱ्यांनी फाइल मागितली, मी दिली. एकाने लिहिलेली आणि इतरांनी वापरायची अशी फाइल म्हणजेच लायब्ररी. त्या दिवसापासून माझी फाइल लायब्ररी झाली, पण माझ्या ते ध्यानात आलं नाही.

पाचवीला भारांश ५० आणि ५०. सरांना हे पक्कं माहीत होतं. त्यांनी आपल्या फाइलमध्ये आधी माझ्या लायब्ररीतली सगळी नावं एका ओळीत आणली. पायथॉनमध्ये तिथं तारा टाकला की सगळी नावं येतात. त्याखाली त्यांनी लिहिलं:

आकारिक = ५०
संकलित = ५०

मग माझं 'श्रेणी काढ' हे फंक्शन वापरलं. आपण ५० लिहिलंय म्हणजे ५० लागू झालं, असं त्यांना वाटलं. कुणालाही वाटेल. खात्री म्हणून त्यांनी 'आकारिक'ची किंमत छापून पाहिली, तीही ५० आली.

पण पायथॉनमध्ये फंक्शन ज्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, तिथलीच नावं बघतं. माझं फंक्शन माझ्या फाइलमधलं 'आकारिक' बघत होतं, म्हणजे ६०. सरांचं 'आकारिक' सरांच्या फाइलमध्ये होतं. एकाच नावाचे दोन स्थिरांक, दोन घरांत. सर आपल्या घरातला बघत होते, फंक्शन माझ्या घरातला.

त्या मुलाचं गणित आता करून बघा. ५० पैकी ३३ म्हणजे ६६ टक्के, त्याचे ६० टक्के म्हणजे ३९.६. ५० पैकी ३८ म्हणजे ७६ टक्के, त्याचे ४० टक्के म्हणजे ३०.४. बेरीज बरोबर ७०. श्रेणी ब-२. एका गुणाने गेली. सरांनी केलेल्या कामात काही चूक नव्हती. चूक लायब्ररी लिहिणारीची, म्हणजे माझी. फक्त चौथीचा असलेला आकडा मी 'आकारिक' या मोघम नावाने सगळ्यांच्या अंगणात ठेवला होता.

मोठ्या भाषांच्या लायब्रऱ्यांनी काय केलं?

असं फक्त आपलंच होतं असं नाही. मोठमोठ्या भाषांच्या लायब्रऱ्याही स्थिरांकांच्या घरांबाबत हळूहळू शहाण्या होत गेल्या आहेत. काही उदाहरणं बघू.

सी ही जुनी भाषा. तिच्यात सगळी नावं एकाच मोठ्या मैदानात येतात. म्हणून नावालाच आडनावासारखं काहीतरी जोडतात. पायचं नाव तिथं 'एम' अक्षर आणि खाली रेघ देऊन 'एम_पाय' असं आहे, एम म्हणजे मॅथ. हे नावसुद्धा सीच्या मूळ प्रमाणात नाही, ती प्रमाणाबाहेरची सोय आहे. सी++ या भाषेच्या प्रमाण लायब्ररीत पायला स्वतःचं घर मिळालं ते २०२० सालच्या आवृत्तीत, 'नंबर्स' या नावाच्या घरात.

जावाने पहिल्यापासून घरं बांधली. पाय 'मॅथ' या क्लासमध्ये, म्हणून तो 'मॅथ.पाय'. सर्वांत मोठी संख्या मात्र 'मॅथ'मध्ये ठेवलेली नाही, आणि हे फार शिकण्यासारखं आहे. 'इंटिजर' या प्रकारात मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे २,१४,७४,८३,६४७. 'शॉर्ट' या प्रकारातली ३२,७६७ आणि 'बाइट'मधली १२७. नाव तिन्हीकडे एकच, 'मॅक्स व्हॅल्यू', पण घर वेगळं: इंटिजर.मॅक्स_व्हॅल्यू, शॉर्ट.मॅक्स_व्हॅल्यू, बाइट.मॅक्स_व्हॅल्यू. किंमत ज्या प्रकाराचा गुणधर्म आहे, त्या प्रकाराच्या घरात ती राहते.

रस्ट या नव्या भाषेत सुरुवातीला प्रत्येक प्रकारासाठी एक वेगळी खोली होती आणि मोठ्यात मोठी संख्या त्या खोलीत असायची. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या १.४३ आवृत्तीत हे स्थिरांक थेट त्या त्या प्रकारालाच जोडले. पाय मात्र गणिती स्थिरांकांच्या खोलीतच राहिला. कारण उघड आहे. मोठ्यात मोठी संख्या ही त्या प्रकाराची ओळख आहे, पाय सगळ्या गणिताचा आहे.

जावातही फसगती झाल्याच. दर वेळी घराचं नाव लिहायचा कंटाळा, म्हणून काही प्रोग्रॅमर सगळे स्थिरांक एका 'इंटरफेस'मध्ये टाकायचे आणि हवं तिथं तो इंटरफेस जोडायचे. मग ते स्थिरांक त्या क्लासच्या बाहेरच्या चेहऱ्याचाच भाग व्हायचे आणि नंतर काढताही यायचे नाहीत, कारण बाहेर कुणीतरी ते वापरत असे. जोशुआ ब्लॉक यांनी 'इफेक्टिव्ह जावा' या पुस्तकात या पद्धतीला स्पष्ट विरोध केला आहे. २००४ च्या जावा ५ मध्ये हवं ते नाव हवं त्या फाइलपुरतं आणायची वेगळी सोय आली.

आता मुलांना हमखास आवडणारं उदाहरण. सोमवार म्हणजे किती? पायथॉनच्या 'कॅलेंडर' लायब्ररीत सोमवार म्हणजे ०. जावाच्या जुन्या 'कॅलेंडर'मध्ये रविवार १, म्हणून सोमवार २. त्याच जुन्या जावात जानेवारी म्हणजे ०! आकडा लिहिणाऱ्याचे हाल होतात. 'कॅलेंडर.सोमवार' असं घरासकट नाव लिहिणाऱ्याला आकडा किती आहे याची फिकीर करावी लागत नाही. २०१४ च्या जावा ८ मध्ये महिन्यांना 'मंथ' नावाचं स्वतःचं घर मिळालं आणि तिथं जानेवारी शेवटी १ झाला.

पायथॉनबद्दल एक सावधगिरी. तिथं पाय 'मॅथ'च्या घरात आहे, पण घराला कुलूप नाही. कुणी 'मॅथ.पाय = ३' असं लिहिलं तर पायथॉन मुकाट्याने मान्य करतो! म्हणून पायथॉन लिहिणाऱ्यांत प्रघात असा आहे, की स्वतःच्या स्थिरांकाचं इंग्रजी नाव सगळं मोठ्या अक्षरांत लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की याला हात लावू नये. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत, म्हणून नाव आणि घर दोन्ही नेमकं असणं आपल्याला जास्तच गरजेचं आहे.

घर ठरवायचे तीन प्रश्न

या सगळ्यातून मी स्वतःसाठी तीन प्रश्न तयार केले आहेत. नवा स्थिरांक लिहिताना ते विचारते.

पहिला प्रश्न: ही किंमत कशाची आहे? पाचवीचा भारांश पाचवी-सहावी या गटाचा आहे, निकालाचा नाही. ज्याची किंमत, त्याच्या घरात ती ठेवायची.

दुसरा प्रश्न: कुणाकुणाला ती लागते? लागणाऱ्या सगळ्यांना पोचता येईल असं सगळ्यांत लहान घर निवडायचं. एकाच फंक्शनला लागत असेल तर त्या फंक्शनच्या आत ठेवायची. घर फार मोठं झालं तर आमच्यासारखा घोटाळा होतो. फार लहान झालं तर प्रत्येक जण आपापली प्रत करून घेतो आणि पुढं एक प्रत बदलते, दुसरी राहून जाते. दोन्हीकडून नुकसानच.

तिसरा प्रश्न: उद्या ही बदलली तर तिच्याबरोबर आणखी काय बदलेल? जे एकत्र बदलतं ते एका घरात. हा प्रश्न आपल्या क्षेत्रात फार उपयोगी आहे, कारण आपले बरेच स्थिरांक शासन निर्णयाने ठरतात आणि शासन निर्णयाने बदलतात.

नव्या फाइलची रचना

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा २० ऑगस्ट २०१० चा शासन निर्णय आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्यातले भारांश या तीन प्रश्नांच्या चाळणीतून घालून बघा.

पहिली-दुसरी: आकारिक ७०, संकलित ३०
तिसरी-चौथी: आकारिक ६०, संकलित ४०
पाचवी-सहावी: आकारिक ५०, संकलित ५०
सातवी-आठवी: आकारिक ४०, संकलित ६०

'आकारिक' हे नाव चारही ठिकाणी आहे आणि किंमत चार वेगळ्या. जावातल्या 'मॅक्स व्हॅल्यू'सारखंच. म्हणून चार गटांची चार घरं केली आणि प्रत्येकात 'आकारिक' ठेवला. आता वापरताना 'पाचवी_सहावी.आकारिक' असंच लिहावं लागतं. नुसतं 'आकारिक' लिहिलं तर लायब्ररीत त्या नावाचं काही सापडतच नाही आणि प्रोग्रॅम तिथंच थांबतो. चुकीचा निकाल छापण्यापेक्षा थांबलेला बरा. 'श्रेणी काढ' या फंक्शनलाही आता गट कोणता ते सांगावंच लागतं, ते स्वतःहून काही गृहीत धरत नाही.

श्रेणींचा तक्ता मात्र सगळ्या इयत्तांना एकच आहे: ९१ पासून अ-१, ८१ पासून अ-२, ७१ पासून ब-१, ६१ पासून ब-२, ५१ पासून क-१, ४१ पासून क-२, ३३ पासून ड, २१ पासून इ-१ आणि २० किंवा कमी असतील तर इ-२. हा तक्ता चार घरांत चार वेळा लिहिणं चूक. तो लायब्ररीच्या मोठ्या घरात, 'श्रेणी' या नावाच्या पेटीत एकदाच लिहिला. एकूण गुण १०० हेही तिथंच.

आता तिसऱ्या प्रश्नाची खरी परीक्षा. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा आली. पाचवीला प्रत्येक विषयाचा पेपर ५० गुणांचा, आठवीला ६० गुणांचा, आणि उत्तीर्ण व्हायला किमान ३५ टक्के. ५० चे ३५ टक्के म्हणजे १७.५, म्हणून १८ गुण. ६० चे ३५ टक्के म्हणजे २१. ही किंमत पाचवी-सहावीच्या घरात ठेवायची का? नाही, सहावीला ती लागूच नाही. सगळ्यांच्या मोठ्या घरात? तिथंही नाही, चौथीचा निकाल लावणाऱ्याला ती दिसायचं कारण नाही. तिला 'वार्षिक_परीक्षा' असं वेगळं घर दिलं, त्यात पाचवी आणि आठवी अशा दोन खोल्या. ३५ टक्के घराच्या दारात, कारण तो दोघींचा आहे. ५० आणि ६० आपापल्या खोलीत. १८ आणि २१ कुठंच लिहिले नाहीत, ते प्रोग्रॅम काढतो. ज्याचा हिशोब करता येतो, तो स्थिरांक म्हणून पुन्हा लिहू नये.

इथं आणखी एक मोह होतो. पाचवीचा आकारिक भारांश ५०, वार्षिक पेपरही ५०. मग 'पन्नास' नावाचा एकच स्थिरांक का करू नये? कारण उद्या पेपर ४० गुणांचा झाला तर भारांश ४० होणार नाही. दोन आकडे आज सारखे दिसतात एवढंच, त्यांचं एकमेकांशी नातं नाही. नाव किमतीवरून ठेवू नका, अर्थावरून ठेवा. वर्गात एकाच नावाची दोन मुलं असली म्हणून आपण दोघांची हजेरी एका ओळीत मांडत नाही.

एक्सेल वापरणाऱ्यांसाठी

आपल्यापैकी बरेच जण निकाल एक्सेलमध्ये करतात. तिथंही हाच प्रश्न आहे. 'फॉर्म्युलाज' या टॅबमध्ये 'डिफाइन नेम' दाबलं की एका सेलला नाव देता येतं, आणि त्याच चौकटीत 'स्कोप' असं विचारलेलं असतं: पूर्ण वर्कबुक की एखादंच शीट? आपण ते न वाचता ओके करतो. प्रत्येक इयत्तेचं वेगळं शीट असेल तर भारांशाचं नाव त्या शीटपुरतं ठेवा, श्रेणीच्या तक्त्याचं नाव पूर्ण वर्कबुकसाठी. एकच नाव दोन्हीकडे असेल तर त्या शीटवर शीटचंच नाव चालतं. आणि शीटची कॉपी काढून नवी इयत्ता तयार केलीत, तर त्या शीटवरच्या सेलला दिलेल्या नावाची नव्या शीटपुरती आणखी एक प्रत तयार होते. म्हणून कॉपीनंतर 'नेम मॅनेजर' उघडून एकदा यादी वाचाच. पाच मिनिटांचं काम आहे.

मुलांना शिकवताना

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग सुचवलं आहे. स्क्रॅचमध्ये व्हेरिएबल तयार करताना संगणक विचारतो: सगळ्या स्प्राइटसाठी, की फक्त याच स्प्राइटसाठी? स्क्रॅचमध्ये वेगळा स्थिरांक नसतो, पण व्याप्तीचा पहिला प्रश्न मुलांना तिथंच भेटतो. तो घाईत ओलांडू देऊ नका. "हा आकडा कुणाकुणाला लागणार?" असं विचारा आणि मुलांना बोलू द्या.

संगणक नसेल तरी चालतं. आमच्या वर्गात आम्ही दिंडीचा खेळ खेळतो. मधे एक बाक, तो रथ. दहा मुलं पुढं, दहा मागं. दोन्हीकडे एक ते दहा क्रमांकाच्या चिठ्ठ्या. मी म्हणते, "पाच!" दोन मुलं उभी राहतात आणि वर्ग हसतो. मग म्हणते, "रथामागे पाच!" एकच उभं राहतं. त्यानंतर पुढच्या गटातल्या एका मुलाला आपल्याच गटाला हाक मारायला सांगते. तो नुसतं "पाच" म्हणतो आणि त्याच्या गटातलं बरोबर मूल उभं राहतं. शेवटी विचारायचं, "बाहेरच्याने हाक मारली तर काय जोडावं लागतं? आणि आतल्याने मारली तर?" याचं उत्तर मूल आपल्या शब्दांत देतं, तेव्हा व्याप्ती समजली असं समजा. पालकांनी घरी पत्त्यावरून हाच खेळ खेळावा: घरातल्याला "आतल्या खोलीत ये" पुरतं, मुंबईच्या मामाला पत्र लिहायचं तर तालुका, जिल्हा आणि पिन कोड ४१३३०४ पर्यंत जावं लागतं.

त्या संध्याकाळी

चूक सापडल्यावर पाचवीचा सगळा निकाल पुन्हा काढला. त्या मुलाची श्रेणी ब-१ झाली. आणखी एकाची अशीच वर गेली. पण एका मुलीचं उलट झालं. तिला मराठीत आकारिकचे ४० आणि संकलितचे २९ मिळाले होते. चुकीच्या भारांशाने ते ७१.२ होऊन ब-१ आली होती. खरी बेरीज ६९, म्हणजे ब-२.

त्या मुलीच्या वडिलांना मी आणि पाचवीचे सर दोघांनी बोलावलं. कागदावर दोन्ही हिशोब मांडून दाखवले आणि चूक माझ्या फाइलची होती हे सांगितलं. मुलगी शेजारीच उभी होती. तिने स्वतः ४० आणि २९ ची बेरीज केली, मान हलवली आणि नवं प्रगतिपत्रक घेतलं. तिची मान मला अजून आठवते. आकडा चुकीच्या घरात ठेवला म्हणजे काय होतं, हे मला कुठल्या पुस्तकाने एवढं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

तुमच्याही शाळेत अशी एखादी फाइल असेल, जी एकाने केली आणि आता सगळे वापरतात. सत्र संपण्याआधी ती एकदा उघडा. अगदी वरच्या ओळींत जे आकडे बसलेले आहेत, त्यांना एकेक करून विचारा: तू कुणाचा? आणि निकाल छापण्याआधी दोन-तीन मुलांची बेरीज त्या ताईंसारखी हाताने करून बघा.